कांद्याचा रंग दाखवणारा कॅमेरा

मला मिनिटं सांगता येत नाहीत. कांदा किती वेळ परतायचा असं कुणी विचारलं की मी कढईकडे बघतो. नववीत शाळा सुटली, त्यानंतर कराडला स्टँडजवळच्या एका खाणावळीत कांदे चिरायला लागलो, आणि तिथल्या आचाऱ्याने मला जे काही शिकवलं ते रंगाने शिकवलं. गव्हाच्या काडीचा रंग आला की आलं-लसूण घालायचं. चिंचेच्या टरफलाचा रंग आला की टोमॅटो. पुढे पुण्यात, मग दुबईत, मग इकडे आयर्लंडमध्ये नावनला आलो, तरी डोक्यात घड्याळ काही शिरलं नाही. आच बदलते, कांदा बदलतो, भांडं बदलतं, रंग तेवढा बदलत नाही, असं मी समजत होतो. म्हणजे २०२० च्या हिवाळ्यापर्यंत.

ज्या हॉटेलात मी आचारी होतो त्याचे मालक जालंधरकडचे, इथे पंचवीसेक वर्षं राहिलेले. सगळे त्यांना पाजी म्हणायचे, मीही म्हणायचो. मार्चमध्ये कोरोनामुळे हॉटेल बंद झालं, उन्हाळ्यात जरा उघडलं, ऑक्टोबरात परत बंद. नुसतं पार्सल चालू. बाकीची माणसं एकेक करून गेली आणि स्वयंपाकघरात मी एकटा राहिलो. टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या, त्यांच्यामधून पार्सलच्या पिशव्या घेऊन दारापर्यंत जायचं, एवढंच फिरणं.

माझं वर्क परमिट त्या हॉटेलच्या नावावर होतं. फेब्रुवारीत त्याची मुदत संपणार होती आणि पुढच्या अर्जावर पाजींची सही लागणार होती. त्यांनी हॉटेल बंद केलं तर मला दुसरा मालक शोधावा लागणार, आणि त्या हिवाळ्यात आचारी हवाय असं म्हणणारा मालक अख्ख्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, नव्हता. पाजी माणूस वाईट नव्हते. मला ताप आला होता तेव्हा त्यांची बायको रोज माझ्या दाराशी खिचडीचा डबा ठेवून दोन पावलं मागे सरकून हाक मारायची. ते उपकार मी विसरणार नाही. पण नोव्हेंबरात एक दिवस त्यांनी मला बाहेरच्या रिकाम्या टेबलापाशी बसवलं आणि म्हणाले, "देख यार, क्रिसमस तक देखते हैं. नहीं चला, तो मैं चाबी लैंडलॉर्ड को वापस कर दूँगा. तेरे से झूठ नहीं बोलूँगा."

मी म्हटलं, "ठीक है पाजी." दुसरं काय म्हणणार.

मग त्यांनीच एक युक्ती काढली. गावातलं एक ऑफिस दरवर्षी नाताळचं जेवण आमच्याकडे करायचं. यंदा जमायला बंदी. तर आपण प्रत्येकाच्या घरी खोकं पोचवायचं, त्यात चिरलेला कांदा, मोजलेले मसाले, मुरवलेलं चिकन, आणि संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या स्वयंपाकघरात कॉम्प्युटर लावून बसायचं. शेफ इथून शिकवणार, ते तिथे करणार. ऑफिसला आवडलं तर जानेवारीत आणखी लोक येतील, आणि हॉटेल तेवढ्यावर तग धरेल. "तू बस दिखाना," पाजी म्हणाले, "बोलने का काम मैं करूँगा."

कॉम्प्युटर मिळाला शेजारच्या खोलीतून. हॉटेलच्या वर दोन खोल्या, एकीत मी आणि दुसरीत पुण्याची एक मुलगी. डब्लिनच्या कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायची, आता दिवसभर घरातूनच. आमच्या फोडणीचा वास तिच्या मीटिंगमध्ये जात नाही एवढंच तिचं नशीब. मी तिला मॅडम म्हणायचो.

"मॅडम नका हो म्हणू दादा. मला उगाच कुणाला तरी झापायला पाहिजे असं वाटतं."

"मग काय म्हणू?"

"काहीच नका म्हणू. दार वाजवा आणि भजी द्या."

तिने आपला जुना लॅपटॉप मला वापरायला दिला. देताना म्हणाली, "यात लिनक्स आहे. म्हातारा आहे, पण लिनक्सवर अजून धावतो."

लिनक्स म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं.

"सिस्टम असते हो कॉम्प्युटरची. फुकट. जगभरचे लोक मिळून बनवतात. फक्त दुकानातल्या वस्तूंना ती अस्तित्वात आहे हे कुणी सांगितलेलं नसतं."

हे तिचं वाक्य मला नंतर कळलं.

लॅपटॉपच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात कढई दिसायची ती चहात बुडवून काढल्यासारखी. म्हणून पाजींनी नवा कॅमेरा मागवला. डबीवर मोठमोठे आकडे, चकचकीत. तो आम्ही शेगडीच्या वरच्या फळीला चिकटपट्टीने बांधला आणि ऑफिसच्या आधी एक चाचणी वर्ग घ्यायचं ठरवलं. नेहमीची पाच गिऱ्हाइकं जमवली. त्यांत गावच्या हॉस्पिटलात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई होत्या, त्या दर शुक्रवारी एकच भाजी न्यायच्या आणि मला 'लव्ह' म्हणून हाक मारायच्या.

वर्ग सुरू झाला. पाजी बोलत होते, मी परतत होतो. कांदा गव्हाच्या काडीच्या रंगावर आला तसा मी हात वर केला.

"धिस कलर," मी म्हटलं. "हिअर. स्टॉप."

"माझा अजून तुझ्यासारखा नाही झाला, लव्ह," नर्सबाई म्हणाल्या. "तुझा चांगला काळसर दिसतोय."

"नो नो, नॉट ब्लॅक. लुक हिअर."

त्या स्क्रीनकडेच बघत होत्या. सगळेच बघत होते, मन लावून, शाळेतल्या शहाण्या मुलांसारखे. मी सांगितलेलं कुणी टाळलं नाही हाच घोळ झाला. थोड्या वेळाने एका घरात धुराचा भोंगा वाजायला लागला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. इथे प्रत्येक घराच्या छताला तो असतोच. एक गृहस्थ स्टुलावर चढून टॉवेलने त्याला झोडपत होते आणि खालून त्यांची बायको म्हणत होती, "बघा तुमचा मास्टरशेफ." नर्सबाईंनी आपलं पातेलं कॅमेऱ्यासमोर तिरकं करून दाखवलं. कांदा कोळसा झाला होता. "ग्रँड आहे, ग्रँड आहे," त्या म्हणाल्या, "मी टोस्ट खाईन." इथली माणसं काही बिघडलं की ग्रँड म्हणतात, ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

सगळे गेल्यावर पाजींनी माझं पातेलं पाहिलं. माझा कांदा व्यवस्थित, सोनेरी. "तेरा तो ठीक है," ते म्हणाले. "फिर उनका क्यों जला?" मग ते नुसता दिवा बंद करून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शेजारणीच्या जेवणाच्या सुटीत, मी तिला खाली बोलावलं. कालच्याच स्टीलच्या पातेल्यात कांदा परतला, थोडा बशीत काढला आणि बशी स्क्रीनच्या शेजारी धरली. बशीतला कांदा सोनेरी आणि स्क्रीनवरचा तपकिरी, जवळजवळ करपलेला. मग मी तोच कांदा पातेल्यातून काढून काळ्या लोखंडी कढईत घातला. आता स्क्रीनवर तो फिकट दिसायला लागला, जणू तेल पाहिलंच नाही. परत स्टीलमध्ये घातला, परत काळा. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर भरवसा ठेवून पोट भरलं ती कॅमेऱ्याच्या डोळ्यातून गेली की भांड्याप्रमाणे रंग बदलत होती.

"त्याचं काय आहे दादा," ती म्हणाली, "तुमचा ओटा स्टीलचा, वर ट्यूबलाइट. सगळीकडे चमक. कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे, म्हणून तो सगळंच काळं करतो. काळी कढई दिसली की त्याला वाटतं अंधार आहे, मग सगळं गोरं करतो. स्वतःच्या मनाने ठरवतो."

"मग त्याला सांगायचं ना, गप बस म्हणून."

"तेच बघू."

तिने लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडली आणि तिच्यात एक ओळ टाकली. तेवढी ओळ टाकली की कॅमेरा आपणहून सांगतो, त्याचे कोणकोणते खटके आपल्या हातात आहेत. या कॅमेऱ्याने जेमतेम दोन-तीन सांगितले, आणि उजेडाचा त्यांत नव्हताच. तो खटका कंपनीच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये होता आणि तो प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालायचा.

"पण डबीवर एवढे मोठे आकडे आहेत," मी म्हटलं.

"ते चित्राच्या आकाराचे आकडे. चुकीचा कांदा मोठ्ठा दिसेल, एवढंच."

दुसरा कॉम्प्युटर नव्हता. तिचा ऑफिसचा असल्या कामाला चालायचा नाही, आणि पाजींचा गल्ल्याला जोडलेला. माझा फोन फळीला बांधून पाहिला, तर वाफेने तापून बंद पडला. तेव्हा कॅमेराच शोधायचा, लिनक्सचं ऐकणारा.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून दमायला होतं. सकाळी मसाला, दुपारी तिच्याबरोबर कॅमेरे बघणं, संध्याकाळी पार्सलं. बाहेर चार वाजता अंधार. माझं इंग्रजी अक्षर लावून वाचण्यापुरतं, त्यामुळे ती वाचायची आणि मी तोंडाकडे बघायचो. व्हिडिओ तर किती पाहिले. एकेक परीक्षक खुर्चीत बसून आपला चेहरा किती छान दिसतो ते सांगत होता. कढई कुणीच दाखवत नव्हतं. जो कॅमेरा बरा वाटायचा तो संपलेला असायचा, कारण त्या वर्षी सगळ्या जगालाच घरी बसून कॅमेरा हवा होता.

गावाकडे बायकोला फोनवर सांगितलं तर तिला ते पटेनाच. "कॅमेऱ्यावर नोकरी असते का कुठं? तुम्ही आचारी ना?"

"तेच मी पण म्हणतोय."

"मग पाजींना सांगा ना नीट."

"काय सांगू? रंग खोटा दिसतो म्हणून?"

पाठीमागे मुलीचा पाढ्यांचा आवाज येत होता.

शेवटी शेजारणीने लिनक्सवाल्या लोकांच्या एका चर्चेच्या पानावर प्रश्न टाकला. उजेड, रंग आणि फोकस, तिन्ही हाताने बांधून ठेवता येतात असा कॅमेरा कुणाकडे आहे का? दोन-तीन जणांनी तिलाच शहाणपण शिकवलं. मग एकाने उत्तर दिलं. तो घरात रोपं वाढवायचा आणि त्यांची वाढ कॅमेऱ्याने टिपायचा, त्यामुळे त्यालाही पानाचा हिरवा रंग रोज तोच लागायचा. त्याने कॅमेऱ्याचं नाव सांगितलं, कोणते खटके चालतात ते कळवलं आणि पुढे लिहिलं, जुना आहे, साधा आहे, पण सांगितलेलं ऐकतो. तो कोण, कुठल्या देशातला, मला अजून माहीत नाही. मी तिला सांगितलं, माझ्याकडून त्याला थँक्यू लिहा. तिने लिहिलं. त्याने अंगठा पाठवला.

तो कॅमेराही सगळीकडे संपलेला. मलिंगारच्या एका छोट्या दुकानात एक उरला होता. तिकडे जायला मनाई, पाच किलोमीटरच्या पुढे पोलीस अडवायचे. पण दुकानातली बाई फोनवर म्हणाली, पोस्टात टाकते, ग्रँड. हा ग्रँड मात्र मला गोड लागला.

डबी आली ती साधी, आकडे बारीक. आम्ही परत कांदा परतला. आधी तिने तो उजेडाचा खटका बांधला, मग वरच्या ट्यूबलाइटच्या हिशेबाने रंगाचा, मग वाफ आली की चित्र धूसर-स्पष्ट होत बसायचं म्हणून फोकसचा. मग मी स्टीलमधला कांदा काळ्या कढईत घातला. स्क्रीनवर तो होता तसाच राहिला. बशी शेजारी धरली. तोच. मी दोन-तीनदा करून पाहिलं, कारण विश्वास बसत नव्हता.

"रडताय का दादा?"

"कांदा आहे."

"परतलेला?"

कॅमेऱ्याची तार निघाली की खटके मोकळे होत होते, आणि वर्गाच्या वेळी तिची स्वतःची मीटिंग होती. म्हणून तिने त्या सगळ्या ओळी एकत्र करून स्क्रीनवर कांद्याचं एक चित्र ठेवलं. त्यावर दोनदा दाबलं की सगळं परत जागेवर. मला तिची एक ओळसुद्धा लिहिता आली नसती, पण चित्र दाबता येत होतं.

वर्गाच्या दिवशी दुपारी बायकोचा फोन आला. नवीन वस्तू आहे, हळदकुंकू लावलंत का म्हणाली. मी नव्हतं लावलं. शेगडीला लावलं होतं इथे आलो तेव्हा, मिक्सरला लावलं होतं. मग प्रेसमधून, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, कुंकवाची डबी काढली, पाण्याचं बोट लावून कुंकू भिजवलं आणि कॅमेऱ्याच्या कपाळावर, काचेच्या बरोबर वर, छान ठसठशीत टिळा लावला. हात जोडले. परमिटचं काही बोललो नाही देवाजवळ, पण त्याला कळलं असणार.

संध्याकाळी स्क्रीनवर ऑफिसातली माणसं छोट्या छोट्या खिडक्यांत दिसायला लागली. कुणाच्या डोक्यावर कागदी मुकुट, कुणाच्या मांडीवर मांजर. पाजींनी आज टाय लावला होता. तेल तापलं, कांदा पडला, वाफ वर गेली.

कांदा गव्हाच्या काडीच्या जवळ आला आणि स्क्रीनवर तो लाल व्हायला लागला. तांबूस नाही, लालच. मी घाबरून कांद्याच्या चित्रावर दोनदा दाबलं. काही नाही. परत दाबलं. तार हलवली. लाली वाढतच होती. पाजी बोलता बोलता माझ्याकडे बघत होते, त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच अडकलेलं. खिडकीतली एक बाई विचारत होती, "आमचा असा लाल व्हायला हवा का?"

"वेट," मी म्हटलं. "प्लीज. एव्हरीबडी, फायर ऑफ."

त्यांनी आच बंद केली. मी कॅमेऱ्याखाली पांढरी बशी धरली. बशीचा वरचा अर्धा भाग लाल होता आणि खालचा स्वच्छ पांढरा. कॅमेरा बिघडला असता तर सगळीच बशी लाल झाली असती. मी मान वर करून पाहिलं. वाफेने टिळा पाझरला होता आणि कुंकवाचा ओघळ काचेवर आला होता.

मी ॲप्रनच्या टोकाने काच पुसली. स्क्रीनवर कांदा आपल्या रंगावर आला.

"काय झालं होतं?" एका टकल्या गृहस्थाने विचारलं.

पाजी काही सारवासारव करणार तेवढ्यात मीच सांगितलं, जमेल तशा इंग्रजीत. नवा कॅमेरा म्हणून आशीर्वादाला लाल पावडर लावली, ती वितळली.

मग तो गृहस्थ म्हणाला, "माझी आई दर नव्या गाडीवर चर्चमधलं पवित्र पाणी शिंपडते. एकदा रेडिओच बंद पडला." सगळे हसायला लागले. दुसरी एक बाई म्हणाली, तिच्याकडे वॉशिंग मशीनवरही शिंपडलंय. मग आच परत सुरू झाली. कांदा रंगावर आला तेव्हा मी हात वर केला आणि सगळ्यांनी कढया थांबवल्या. त्यांच्या खिडक्यांत मला त्यांचे रंग धड दिसत नव्हते, प्रत्येकाचा कॅमेरा आपल्या मनाचा. मी कान देऊन ऐकत राहिलो. शेवटपर्यंत कुठेही भोंगा वाजला नाही.

त्या आठवड्यात ऑफिसातून पाजींना फोन आला, त्यांच्या दुसऱ्या शाखेलाही वर्ग हवा होता. मग एका शाळेतल्या शिक्षकांना हवा होता. हॉटेल नाताळपुरतं जरा उघडलं आणि परत बंद झालं, पण जानेवारीत वर्ग चालू राहिले. त्याच महिन्यात एका दुपारी पाजी अर्ज घेऊन स्वयंपाकघरात आले. ओट्यावर तेल होतं म्हणून त्यांनी तो भिंतीला टेकवून सही केली. "तीन साल," म्हणाले. "अब छुट्टी मत माँगना यार, तेरे बिना ये क्लास कौन लेगा." मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी मला मध्येच धरलं. दोन मीटरचं अंतर तेवढ्यापुरतं आम्ही दोघंही विसरलो.

वर खोलीत जाऊन बायकोला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती.

"झाली सही," मी म्हटलं.

"देवा. किती वर्षांची?"

"तीन."

"तीन म्हणजे पोरगी सातवीत जाईल."

"हो."

"मधे सुट्टी?"

"विमानं नीट सुरू झाली की बघू. आणि वर्ग आहेत. पाजी म्हणाले, माझ्याशिवाय कोण घेणार."

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. "बरं झालं पण. जीव टांगणीला लागला होता."

"हो."

मग टाकीत पाणी आलं म्हणून तिने फोन ठेवला. मी पलंगावर तसाच बसून राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल, पण अंगात उठायचं त्राण नव्हतं. खालून पाजींनी हाक मारली, ऑर्डर आली होती. मी चपला घातल्या आणि जिना उतरून कांदे चिरायला गेलो.